पाहुण्यांसाठी केलेला रस्ता

जे. पी. नगर, बेंगळूर
२० सप्टेंबर

चि. गुंडो,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते गृहीत धर. तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राची एक सोय असते, ते वाजत नाही, त्यामुळे न उचलल्याचं पाप लागत नाही. तुझ्यासारख्या धाकट्या भावांचा विचार करूनच पोस्टखातं काढलं असावं.

मी नोकरी धरली आहे. आधी हसून घे. शाळेने जूनपासून संस्कृत बंद केलं आणि त्या तासाला यंत्रमानव शिकवायला घेतला. मुलं खूष आहेत, यंत्रमानवाला विभक्ती नसतात. अप्पा होते तोवर चाललं. ते गेल्यावर मात्र दुपारचं काय करायचं हे मला कळेना. त्यांचं औषध, त्यांचं वर्तमानपत्र, त्यांचं माझ्याशी भांडण, सगळं दुपारीच असायचं.

आता मी रोज बसने बेळ्ळंदूरला जाते. तिथे एका कंपनीत पुराचं नुकसान मोजतात. पाण्याआधीचे आणि पाण्यानंतरचे उपग्रहाचे फोटो शेजारी शेजारी लावायचे आणि कुठला रस्ता गेला, कुठली मोरी गेली, कुणाची किती जमीन गेली ते ठरवायचं. ती यादी सरकारात जाते आणि त्यावरून काय परत बांधायचं ते ठरतं. मला घेतलं ते माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे. गावकऱ्यांच्या जबान्या ध्वनिमुद्रित केलेल्या असतात, तुझ्याकडच्या अर्ध्या मराठी अर्ध्या कानडी बोलीत. त्या तिथल्या पोरांना कळत नाहीत, मला कळतात. साडेतीनशे वर्षं इथे राहून आपल्या घराण्याने जी भाषा बिघडवून ठेवली, तिचा असा उपयोग होईल असं अप्पांनाही वाटलं नसतं.

काल एका म्हाताऱ्याची जबानी उतरवली. आमचा माणूस विचारतो, "आजोबा, शेत कुठपर्यंत वाहून गेलं?" म्हातारा म्हणतो, "ते मला काय ठावं? तुमीच खालनं आलाय न्हवं? वाटंत दिसलं न्हाई?" मी जसंच्या तसं लिहिलं. त्यावर वरून शेरा आला, 'उत्तर अस्पष्ट.'

परवा बेळ्ळंदूरचं तळं भरून रस्त्यावर आलं. पुराचं नुकसान मोजणारी आख्खी कचेरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून बसथांब्यापर्यंत गेली. ट्रॉलीवाला मला म्हणाला, "अक्का, स्वल्प गट्टी हिडकोळ्ळि." मी दांडा घट्ट धरला. कुणाला काही गंमत वाटली नाही. मलाही ती आत्ता लिहिताना वाटते आहे.

अप्पांचं पहिलं मासिक झालं. श्रीधररावकाका आले होते. त्यांनी तुझं नाव काढलं नाही, मीही नाही.

अप्पा गेले त्या सकाळचं तुला जेवढं माहीत आहे तेवढं असं. तू फोनवर म्हणालास, "अक्का, पुलापुढचा भराव वाहून गेलाय, गावाबाहेर पडता येत नाही, थांबा." काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. तुझ्या तालुक्याच्या कचेरीत त्यांच्या ओळखीचं कुणी आहे, त्यांना दुसऱ्या फोनवरून विचारलं. त्यांनी कागद पाहून सांगितलं की रस्ता सुस्थितीत आहे. मग काका तुला म्हणाले, "यायचं नसेल तर येऊ नकोस, नदीला कशाला मधे घालतोस?" पुढचं तू ऐकलं नाहीस, कारण तू फोन ठेवलास.

पुढे फारसं काही झालंही नाही. अप्पांना अग्नी मी दिला, मुलीने. गुरुजींचा एके ठिकाणी स्वर चुकला, तो मी दुरुस्त केला. त्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं.

एक मात्र लक्षात घे. अप्पांची तिथी श्रावण वद्य षष्ठी. दरवर्षी त्या दिवसांत तुझी नदी चढलेली असते आणि तुझ्या गावाला तो एकच पूल. अप्पांनी आयुष्यात कुणाची सोय पाहिली नाही, जाताना तरी कशी पाहतील? वर्षश्राद्ध मी करू शकते, मंत्र तुझ्यापेक्षा मला बरे येतात. पण ते तू करावंस असं मला वाटतं. का, ते विचारू नकोस. मी तरी कुठे विचारलं आहे.

तुझी,
अक्का


जे. पी. नगर
११ ऑक्टोबर

चि. गुंडो,

तुझ्या मौनाला दुसरा महिना लागला. अप्पा असते तर म्हणाले असते, पीण्याच्या कारखान्यातल्या लेथवरून उठून शेतकरी झाला, आता शेतातून उठून मुनी होतोय.

गुरुवारी तुझं गाव माझ्या पडद्यावर आलं. आधीच्या फोटोत तुझं शेत आहे, विहीर आहे, पवित्राच्या वडिलांनी, तुझ्या सासऱ्यांनी, लावलेली नारळाची रांग आहे. नंतरच्या फोटोत रांग अर्धी आहे आणि शेताच्या खालच्या अर्ध्या जागी पांढरं. आमच्याकडे गाळाला करडा रंग देतात, वाळूला पांढरा. गाळ निघतो, त्यावर पुढल्या वर्षी पीकही बरं येतं म्हणतात. वाळूचं काय करतात ते मला माहीत नाही. तू कुणाला सांगितलं नाहीस. पवित्रा फोनवर "सगळं सरी आहे, ठीक आहे, अक्का" म्हणते. मी त्या पांढऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चौकटीत 'वाळू' असं लिहिलं आणि पुढे गेले, कारण रांगेत पुढचं गाव होतं.

अडलं ते रस्त्यापाशी. नंतरच्या फोटोत नेमका पुलावर ढग आहे. ढगाखालचं दिसत नसलं की आमच्याकडे गेल्या वर्षीच्या पाहणीतलं उत्तर उचलून ठेवतात. गेल्या वर्षीचं उत्तर होतं, 'सुस्थितीत.' मी शिकले त्या व्याकरणशास्त्रात न दिसण्याला लोप म्हणतात. इथे त्याला सुस्थिती म्हणतात.

गेल्या वर्षी तिकडे गेलेला विनोदकुमार नावाचा इंजिनिअर माझ्याच शेजारी बसतो. चामराजपेटेतला, आपल्यासारखाच जुन्या घरचा. मी त्याला विचारलं.

"ते गाव? विसरणार कसं, मॅडम. पुलावरून उतरून थेट वेशीपर्यंत जीप गेली, लोण्यासारखी. वेशीत रांगोळी. पोहे काय, गूळ काय. निघताना जीपमध्ये उसाची मोळी टाकली."

"महापूर येऊन गेल्यावर? लोण्यासारखा रस्ता?"

"मी पण तेच म्हटलं. तर तिथे एक टोपीवाले होते, ते म्हणाले, काळजी नको साहेब, तुमच्यासाठीच केलाय."

"कशाने केलाय ते विचारलं नाहीस?"

"विचारणार होतो. पण पोहे गरम होते, मॅडम."

"ते टोपीवाले बोलताना एक डोळा बारीक करतात का?"

"हो, हो. तुमच्या ओळखीचे?"

मी तुझं नाव न घेता म्हटलं, लांबचे. खोटं नाही. नकाशात अंतर पाहून ठेवलं आहे.

संध्याकाळी पवित्राला फोन लावला. तिने लपवलं काहीच नाही, उलट कौतुकाने सांगितलं. "हो, अक्का. गेल्या वर्षी पण भराव गेलाच की. साहेब लोक बघायला येणार म्हटल्यावर सगळं गाव खपलं. दगड टाकले, वाळूची पोती टाकली, उसाचं पाचट घातलं, वरनं मुरूम ओढला. आता त्यांची गाडी आत यायला नको? त्यांना दाखवायचं होतं ना, रस्ता वाहून गेलाय म्हणून."

"मग दाखवलात?"

"कुठलं, अक्का. ते त्याच्यावरनंच आले."

गुंडो, आमच्या फॉर्मात रस्त्यासाठी प्रश्न एकच असतो. पाहणी करणारा गावात पोचला का? पोचला, तर रस्ता चालू. विनोदकुमार पोचला, म्हणून त्याने पोचलो असं लिहिलं. तालुक्याच्या माणसाने समोरचा कागद वाचला. काकांनी त्या माणसावर विश्वास ठेवला. तू तर जे डोळ्यांनी पाहिलंस तेच सांगितलंस. एवढ्या सगळ्या खरं बोलणाऱ्या माणसांनी मिळून अप्पांना तुझ्याशिवाय पोचवलं.

मी रागावलेली नाही. रागावायला पाहिजे असं वाटतं, पण ते कुठून सुरू करायचं ते सापडत नाही.

अक्का


जे. पी. नगर
८ नोव्हेंबर

चि. गुंडो,

दिवाळीचं यंदा काही केलं नाही, ते बरंच झालं, पणत्या पुसायच्या वाचल्या.

कामाचं लिहिते. मी कचेरीत लावून धरलं की ढगाखालच्या रस्त्यांची पाहणी पुन्हा व्हावी. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, एका गावासाठी?" मी म्हटलं, तशी आणखीही आहेत, आणि त्यांची नावं वाचायला लागले. मला सलग वाचायची सवय आहे आणि त्यांना ऐकायची नाही. मंजूर झालं. महिनाअखेरीला जीप येईल.

तेव्हा ह्या वर्षी भराव करू नका. दगड नको, पोती नकोत, मुरूम नको. जीप पुलावर येऊन अडली पाहिजे.

हे मी पवित्राला फोनवर सांगितलं. तिने हात फोनवर ठेवून कुणाला तरी विचारलं. तो कुणीतरी शेजारीच बसला असावा, कारण उत्तर लगेच आलं. "ते म्हणतात, अक्कांना विचार, ऊस काय उडवत न्यायचा?"

जवळजवळ तीन महिन्यांतलं तुझं हे पहिलं वाक्य, तेही तृतीय पुरुषात. तरी मी ते जपून ठेवलं आहे.

उसाचं मला कळत नाही असं समजू नकोस. तोड सुरू झाली आहे, ट्रॅक्टर पलीकडे जात नाहीत, आणि तू दुसऱ्यांच्या उसाबद्दल बोलतो आहेस, तुझ्या अर्ध्या शेतात तर वाळू आहे. पोरं होडीतून शाळेला जातात. आजारी माणसाला खाटेवर घालून उतरवावं लागतं. मी हे सगळं बेळ्ळंदूरच्या थंडगार खोलीत बसून मागते आहे, तेही मला दिसतं. पण ह्या वर्षी पोती टाकलीत तर पुढल्या पाण्यात ती जाणार, आणि कागदावर रस्ता असणारच. मग श्रावणात तू पुन्हा फोन करशील आणि पुन्हा कुणीतरी कागद पाहून सांगेल.

काकांना सगळं सांगितलं. इथेच बसले होते, अप्पांच्या खुर्चीत नाही, बाजूला. ऐकून म्हणाले, "मग त्याने तसं सांगायचं की नाही?"

"सांगितलं होतं, काका."

ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते पाहून आले. मग पुन्हा एकदा पाहून आले. माझ्या घरचा गॅस. जाताना दारात म्हणाले, "तुझ्याशी तरी बोलतो का?" मी म्हटलं, तृतीय पुरुषात. त्यांना ते कळलं नाही.

अक्का


जे. पी. नगर
२७ नोव्हेंबर

चि. गुंडो,

हे पत्र माझ्याआधी पोचेल की नाही, शंका आहे. विनोदकुमारबरोबर पाहणीला मी येते आहे. जबान्या ऐकायला माणूस हवा, आणि फॉर्मवर सही माझी असेल.

पाहणी करणाऱ्याच्या फोनमध्ये त्याची पावलं उमटतात, तो कुठे गेला, कुठे थांबला, सगळं. मी पुलाच्या टोकापर्यंत येईन, पुढे येणार नाही. होडीतूनही नाही. पाहणी करणारा कसा का होईना, गावात पोचला की रस्ता चालू, असं लिहून ठेवलेलं आहे, आणि ते लिहिणाऱ्याला तू आणि मी माहीत नव्हतो.

पोहे करू नका.

अक्का


जे. पी. नगर
६ डिसेंबर

चि. गुंडो,

तू समोर होतास, तेव्हा झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. पण पाण्याचा आवाज होता, तुमच्या काठावर कुणाचं तरी डिझेल इंजिन चालू होतं, आणि माझ्या बाजूला काय बोललं गेलं ते तुला ऐकू आलं नसेल. तेवढंच लिहिते.

जीप पुलाच्या मध्यावर उभी केली आणि आम्ही चालत आलो. पूल धड आहे. कठड्यावरचा रंगही शाबूत आहे. फक्त तो टोकाशी संपतो आणि पुढे हवा आहे. विनोदकुमार खाली वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, गेल्या वर्षी मी ह्याच्यावरून गाडी नेली?" मी म्हटलं, लोण्यासारखी. त्याने स्वतःचा कान पकडला. चांगला आहे तो.

भराव तुम्ही केला नव्हता, ते लांबूनच दिसलं. मला बरं वाटलं. मग ते ओंडके दिसले.

गुंडोची अक्का येणार म्हटल्यावर गावाला राहवलं नसणार. मधे वाळूच्या पोत्यांचा ढीग, माझ्या बाजूने त्याच्यापर्यंत एक नारळाचा ओंडका, तुझ्या बाजूने दुसरा. धरायला दोरीसुद्धा बांधली होती, आणि दोरीला आंब्याची डहाळी. पवित्राने नंतर सांगितलं की तू घरी होतास, पहाटे गावकऱ्यांनी ते तुझ्या नकळत टाकलं. मी विश्वास ठेवते. माणूस पलीकडे उभा आहे आणि पाहुणा अलीकडे, मधे काहीच नाही, हे त्या गावाला जमत नाही. त्यासाठी त्यांना दोष द्यायचा तर कसा द्यायचा, ते मला शिकवलेलं नाही.

तू काठावर आलास. टोपी अप्पांची होती. वाळलास. टोपीखालचे केस आखूड आहेत, मुंडवून परत वाढलेले, म्हणजे तिकडे तू एकट्याने काहीतरी केलंस. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

विनोदकुमारने माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. त्याने ओळखलं. हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचा फोन माझ्याकडे द्या. मी इथेच थांबतो. तुम्ही पाच मिनिटं जाऊन या. फोन इथे, म्हणजे तुम्ही इथेच."

आणि गुंडो, मी फोन दिला. एवढ्या पत्रांमधून तुला नको, नको लिहिणारी मी, मी वहाणा काढल्या आणि एक पाय ओंडक्यावर ठेवला. ओंडका ओला होता. मला दुसरं काही वाटत नव्हतं, एवढंच की पलीकडे जायचं आहे.

तेव्हा तू वाकलास. मला वाटलं, दोरी घट्ट करतो आहेस. तू तुझ्या बाजूचा ओंडका उचललास. एकट्याने हलेना तेव्हा मागे वळून कुणाला तरी ओरडलास, दोघेतिघे आले, आणि तुम्ही तो ओढून काठावर घेतलात. डहाळी पाण्यात पडली. गावकरी तुझ्याकडे बघत होते, तू कुणाकडेच बघत नव्हतास.

मी पाय मागे घेतला. वहाणा घातल्या. फोन परत घेतला.

मग विनोदकुमारने फोटो काढायला घेतले. म्हणाला, "मॅडम, त्यांना बाजूला व्हायला सांगा, मधे येतात." मी म्हटलं, "राहू दे. माणूस असला की खोली किती ते कळतं." खरंच तसं असतं. नुसत्या खड्ड्याच्या फोटोवरून काही कळत नाही. बाजूला माणूस लागतो, आणि त्याची उंची माहीत असावी लागते. त्याने विचारलं, "उंची किती धरू?" मी सांगितली. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

तुझ्या उंचीवरून सगळं मोजलं. भराव किती गेला, किती खोल, किती रुंद. फॉर्ममध्ये मी 'पोचले नाही' असं भरलं, खाली सही केली. कुणी काही विचारलं नाही. काल यादी गेली. तुझ्या गावाचा रस्ता आता 'तुटलेला' ह्या वर्गात आहे आणि वरच्या पानावर आहे. तुझं अर्धं शेत दुसऱ्या पानावर आहे, 'वाळू' म्हणून. श्रावणापर्यंत बांधतील की नाही, मला माहीत नाही. जीप गेली, आता तुम्ही तुमची पोती टाका आणि ऊस बाहेर काढा. पुढे कुणी पाहुणे येणार असले तर आधी मला कळवा.

काकांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. म्हणाले, "टोपी अप्पाची आहे." मग म्हणाले, "रस्ता खरंच नाही गं." फोटो त्यांनी परत दिला नाही.

तुम्ही ओंडका ओढून घेतल्यावर तू दोन्ही हात तोंडाशी धरून मला काहीतरी ओरडून विचारलंस. मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली, तुझं समाधान व्हावं म्हणून. काल पवित्राला विचारलं, तू काय म्हणत होतास. ती म्हणाली, "ते विचारत होते, अक्का, जेवलीस का."

तर फॉर्ममध्ये भरलेलं सगळं बरोबर आहे. मान डोलावली ते तेवढं बरोबर नव्हतं. जेवले नव्हते.

अक्का